घाटात गाडी चालवायची धास्ती: निघण्याआधी मुंबईतच ठरवून टाकायच्या गोष्टी

मुंबईत पंधरा वर्षं गाडी चालवलेली बाई मी. संध्याकाळी सात वाजता अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षा, बेस्ट आणि मेट्रोचे खांब चुकवत घरी येताना मला कधी घाम फुटला नाही. पण पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटात एका यू-टर्नवर समोरून एसटी आली, मी ब्रेक दाबला, गाडी बंद पडली आणि हातभर मागे घसरली. फक्त हातभर. तेवढ्यात मागून सासूबाई ओरडल्या, शेजारून नवरा ‘हॅन्डब्रेक, हॅन्डब्रेक’ करू लागला, लेकीने भोकाड पसरलं. पुढचा सगळा घाट नवऱ्याने चालवला आणि त्यानंतर दोन वर्षं मी घाटात स्टिअरिंगला हात लावला नाही.

मग त्याची कंबर धरली, डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद केलं आणि दिवाळीनंतरच्या सहलीला गाडी माझ्याकडे आली. तेव्हा बसून विचार केला, की त्या दिवशी नेमकं काय बिनसलं होतं. दरी तर मला नीट दिसलीही नव्हती. एकाच क्षणी पाच गोष्टी ठरवायच्या होत्या: गिअर कुठला, हॅन्डब्रेक ओढू की नको, एसटीला जागा कोणी द्यायची, मागच्यांना काय सांगू, आणि आता थांबू की जाऊ. त्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. आता माझा नियम साधा आहे. घाटात ठरवायचं काही शिल्लक ठेवायचं नाही. खाली जे आहे ते सगळं घरीच, दिवाणखान्यात बसून उरकायचं.

आधी भीतीशी ओळख

घाटाची भीती वाटणं वेडेपणाचं नाही. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू कड्यासारखी उभी आहे. पोलादपूरहून निघालात की साधारण ४० किलोमीटरमध्ये तुम्ही साडेतेराशे मीटर उंचीच्या आसपास, महाबळेश्वरला पोचता. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका आहे, आणि तिथेही कर्जतला गाड्यांच्या मागे ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. आपल्याला रस्त्यावर त्याहून कितीतरी तीव्र चढ लागतात आणि मागून ढकलणारं कोणी नसतं.

भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं. छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो, मान आणि खांदे आखडतात. श्वास भराभर सुरू झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं वाटतं. माणूस म्हणतो, ‘मला चक्कर येतेय, आता गाडी दरीत जाणार.’ बहुतेक वेळा तो घाईच्या श्वासाचा परिणाम असतो आणि श्वास सोडायला जास्त वेळ दिला की तो ओसरतो. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. गाडी चालवताना श्वास रोखून धरायचे प्रकार करायचे नाहीत. आणि हे पहिल्यांदा घाटात करून बघू नका. लोकलमध्ये, सिग्नलला, रात्री झोपताना आठवडाभर करा, म्हणजे गरज पडेल तेव्हा हाताशी असेल.

दुसरी गोष्ट, टाळलं की भीती वाढते. दोन वर्षं मी घाट टाळला, तेव्हा तो माझ्या डोक्यात दरवर्षी थोडा अरुंद होत गेला. उलट थोड्या थोड्या मापाने पुन्हा पुन्हा सामोरं गेलं की शरीराला कळतं की इथे काही होत नाही. मानसोपचारात भीतीवर हीच पद्धत वापरतात.

चढाची सवय मुंबईतच

पहिले दोन रविवार मी मॉलच्या पार्किंगमध्ये घालवले. हसू नका. सकाळी मॉल उघडतो तेव्हा वरच्या मजल्यांचे रॅम्प मोकळे असतात. रॅम्पच्या मध्यावर गाडी मुद्दाम थांबवायची, हॅन्डब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच हळू सोडायचा. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं झालं आणि इंजिनाचा आवाज जड झाला की थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन हॅन्डब्रेक सोडायचा. गाडी एक इंचही मागे जात नाही. हे वीस वेळा करा. माझी आंबेनळीतली सगळी फजिती या एका कौशल्याच्या अभावाने झाली होती.

तुमच्या गाडीत हिल-होल्ड असेल तर तो ब्रेक सोडल्यावर दोन-तीन सेकंदच गाडी धरून ठेवतो, हेही याच रॅम्पवर मोजून घ्या. एएमटी (क्लचचं पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीवाल्यांनी विशेष लक्ष द्या. चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, क्लच तापतो. थांबलात की ब्रेक.

मग ठाण्याला उपवनकडून येऊरला चढणारा छोटा रस्ता, तोही दिवसाच. त्यानंतर पनवेलच्या पुढे कर्नाळ्याची खिंड. तिथे ना फार चढ, ना फार दरी, पण वळणं आणि झाडी असल्यामुळे ‘घाटात आलो’ असं वाटतं. शेवटी खोपोलीहून खंडाळ्याला चढणारा जुना रस्ता, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी. तिथलं शिंगरोबाचं देऊळ बघून घ्या. हा घाट इंग्रजांना ज्या धनगराने दाखवला असं सांगतात, त्याचं ते देऊळ. कितीतरी ट्रकवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. इतकी वर्षं रोज घाट चढणाऱ्यांनाही मनाला टेकू लागतो, हे बघून मला फार बरं वाटलं होतं.

प्रत्येक पायरीवर कोणीतरी एकच माणूस सोबत घ्या, आणि तो बडबड्या नसावा. अख्खं कुटुंब घेऊन सराव करू नका.

रस्ता आणि वेळ

मुंबईहून महाबळेश्वरला जायचे दोन ठळक मार्ग. एक गोवा महामार्गाने महाड, पोलादपूर आणि आंबेनळी. दुसरा एक्सप्रेसवेने पुणे, खंबाटकी, वाई आणि पसरणी घाट. पहिल्यात सगळा चढ एका दमात, अरुंद रस्त्यावर. दुसऱ्यात चढ तुकड्यातुकड्याने येतो: बोरघाट रुंद, खंबाटकी जाताना एकाच दिशेने चढायचा (साताऱ्याहून परत येणाऱ्यांना बोगदा आहे), आणि वाई ते पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. माझं मत स्पष्ट आहे, धास्ती असेल तर वाईवरून जा. पुण्याची गर्दी परवडली. कोकणात जात असाल तर कशेडी घाटाला आता बोगद्याचा पर्याय आहे, तो घ्या. आणि पहिल्या घाटासाठी माथेरानचा नेरळ ते दस्तुरी हा रस्ता निवडू नका. तो छोटा असला तरी फार खडा आहे. नेरळच्या टॅक्सीवाल्याला पैसे देऊन निवांत वर जा. दस्तुरीच्या पुढे गाडी नेता येत नाहीच.

ऋतू कोणता? जुलै-ऑगस्ट नको. माळशेज आणि ताम्हिणीत तेव्हा धुकं, दरडी आणि वळणावर गाडी लावून धबधब्यात नाचणारे, असं तिहेरी संकट असतं. वरंध घाट तर पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंदच करतात. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

वाराचं गणित मुंबईकराला सांगायला नको, शनिवारी सकाळी बोरघाट म्हणजे चढावरचं दादर स्टेशन. गुरुवारी किंवा शुक्रवारी निघता आलं तर पाहा. पहाटे पाचला निघालात तर उजाडल्यावर घाटात पोचता. मात्र वर चढताना तोंड पूर्वेला असतं आणि कोवळं ऊन थेट डोळ्यांत येतं. गॉगल हाताशी ठेवा, काच आतून पुसून घ्या.

गाडीचं थोडक्यात

मेकॅनिकला नुसतं ‘गाडी बघून दे’ सांगू नका. ब्रेक पॅड किती उरलेत, ब्रेक ऑइल कधी बदललं, कूलंट किती आहे आणि क्लच किती वर धरतो, हे चार प्रश्न विचारा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग तापल्यावर लवकर उकळतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदललेलं बरं. टायरमध्ये हवा पूर्ण भाराची, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर तो आकडा असतो. जड बॅगा डिकीत तळाला, टपावर नको. पायात बूट. चप्पल पेडलखाली अडकते.

घरची बैठक

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक लोक नेमकं हेच सोडतात. निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाली की सगळ्यांना बसवायचं आणि सरळ सांगायचं, ‘मला घाटात भीती वाटते. मला मदत लागणार आहे, ती अशी.’ मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, मग आधी बोलायचं की. मलाही वाटते.” तोवर माझा समज होता की मीच एकटी भेकड.

मग शब्द ठरवले. गाडीत बंदी असलेले शब्द: ‘अगं बाई, दरी बघ’, ‘जपून’, ‘ब्रेक, ब्रेक’, आणि तोंडाने हवा ओढून काढलेला तो ‘स्स्’ आवाज. ‘जपून’ ऐकून कोणी जास्त जपत नाही, फक्त दचकतं. परवानगी असलेले शब्द फक्त शेजारच्याला: ‘पुढे डावं, घट्ट वळण’, ‘मागे एसटी’, ‘पुढे रुंद जागा आहे’. म्हणजे माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही. नवऱ्याला हे जड गेलं. ज्याला स्वतःला गाडी चालवता येते, त्याचा उजवा पाय शेजारी बसूनही ब्रेक दाबत असतो. त्याच्या मांडीवर नकाशा उघडलेला फोन दिला, हात कामाला लागले की तोंड कमी चालतं.

सासूबाईंनी विचारलं, “रामरक्षा म्हणू का?” म्हणा की, हळू आवाजात. एका लयीतला आवाज मला उलट बरा पडतो. लेकीला काम दिलं, वळणांवरचे गोल आरसे मोजायचे. त्यामुळे तिची नजर मोबाइलवर न राहता बाहेर राहते आणि उलटीही टळते. गाडी लागणाऱ्यांसाठी आलेपाक, लिंबू, आणि पुढच्या सीटमागे जाड पिशव्या. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून प्रवाशाने घ्यावी, पण तिने झोप येते, म्हणून ड्रायव्हरने मुळीच नाही.

शेवटचा ठराव माघारीचा. ‘मी “बास” म्हटलं की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं, कोणी का म्हणून विचारायचं नाही.’ त्यानंतर काय, तेही लिहून ठेवलं होतं. आधी वीस मिनिटं थांबायचं. जमलं नाही, तर ओळखीच्या दुसऱ्या गाडीतला माणूस चालवेल, किंवा आधीच नंबर घेऊन ठेवलेल्या वाईतल्या ड्रायव्हरला बोलवायचं. हा दरवाजा उघडा आहे हे माहीत असलं की तो वापरायची वेळ सहसा येत नाही. तीन सहलींत मी ‘बास’ एकदाच म्हटलं, तेही चहासाठी.

चढताना

वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. गिअरही आधीच पाडा. खड्या यू-टर्नला दुसरा, गरज पडली तर पहिला. इंजिन धापा टाकू लागलं, की गिअर खाली आणायची वेळ झाली. नजर कठड्यावर ठेवू नका. जिकडे बघाल तिकडे हात वळतात. वळण जिथे संपतं तिथे बघा.

आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या आणि मिळाला तर ऐका, त्यासाठी काच चार बोटं खाली असू द्या. रात्री अप्पर-डिपर.

समोर एसटी किंवा ट्रक दिसला आणि यू-टर्न तुमच्या पुढे असेल, तर वळणाच्या अलीकडेच डावीकडे थांबा. लांब गाडीला वळायला तुमची बाजूही लागते. नियमाने अरुंद डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क असतो, उतरणाऱ्याने थांबायचं असतं. पण एसटीच्या ड्रायव्हरशी हक्काची भाषा कोण करणार? तो घाट त्याच्या अंगणातला आहे. जाऊ द्या त्याला. मागून कोणी चिकटला तर वेग वाढवू नका. रुंद जागा आली की डावा इंडिकेटर देऊन बाजूला व्हा. मला मागच्या हॉर्नची भीती दरीपेक्षा जास्त वाटायची. हे बाजूला होणं जमल्यावर अर्धी धास्ती गेली.

पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ ‘ये पुढे’ किंवा ‘मी वळतोय’ यांपैकी काहीही असू शकतो. स्वतःच्या डोळ्यांना रस्ता दिसल्याशिवाय ओव्हरटेक नको.

चढावर रांग लागली तर पुढच्या गाडीपासून एका गाडीइतकं अंतर ठेवा. ती मागे घसरू शकते. हाफ क्लचवर तरंगत राहू नका, हॅन्डब्रेक लावून थांबा. जळका वास आला तर क्लचच आहे असं समजा.

उतरताना

लोक चढाला घाबरतात. खरं भान उतारावर हवं. ज्या गिअरमध्ये तो उतार चढला असतात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेकवरचा भार हलका होतो. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवला तर पॅड तापतात, ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून ब्रेक दाबायचा तर ठाम दाबा, वेग पुरेसा उतरवा, आणि पाय पूर्ण काढा. पेडल मऊ लागलं किंवा जळका वास आला तर गिअर आणखी खाली, रुंद जागा गाठा आणि अर्धा तास चाकं थंड होऊ द्या. त्यांवर पाणी ओतू नका.

ऑटोमॅटिक गाडीत एल, एस किंवा मॅन्युअल मोड असतो, तो कशासाठी दिलाय हे अनेकांना घाटातच आठवतं. आदल्या दिवशी सोसायटीच्या आवारात लावून बघा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, महाबळेश्वरला रात्री १०० टक्के चार्ज करून सकाळी थेट उतारावर निघू नका. बॅटरी भरलेली असली की रीजन ब्रेकिंग, म्हणजे मोटरनेच गाडी धरून बॅटरीत वीज परत भरणं, कमी मिळतं. थोडी जागा रिकामी ठेवा.

उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. त्यांचं ऐकू नका. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. इंजिनच बंद केलंत तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

धुकं लागलं तर हेडलाइट डिपरवर, फॉग लाइट चालू, डाव्या पांढऱ्या रेघेचा आधार. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावायची आपल्याकडे फार खोड आहे. तुम्ही थांबलाय की वळताय, मागच्याला कळत नाही. ते थांबल्यावरच.

आणि तरी धडधड सुरू झाली तर

वळणावर गाडी थांबवायची नाही, ही पहिली गोष्ट. वेग उतरवा. ‘मला भीती वाटतेय’ हे मोठ्याने म्हणा, लपवायची मेहनत वाचते. मुठी सैल करा, खांदे खाली, बुटातली डाव्या पायाची बोटं हलवा. लांब श्वास सोडा. मग दिसेल ते बोलत राहा: ‘पांढरी रेघ, कठडा, आरसा, डावं वळण, दुसरा गिअर.’ माझी लेक याला घाटाची कॉमेंट्री म्हणते. डोकं एका वेळी कॉमेंट्री आणि ‘काय झालं तर’ या दोन्ही गोष्टी करू शकत नाही.

रुंद जागा मिळाली की थांबा. हॅन्डब्रेक, गाडी चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स, चाकाला उताराच्या बाजूने दगड. भीतीची लाट काही मिनिटांत चढून उतरते. ती उतरल्यावर निघा, चढती असताना ड्रायव्हर बदलून पळ काढू नका, नाहीतर शरीर पळण्यालाच औषध समजतं. एक्सप्रेसवेच्या घाटात मात्र असं थांबणं धोक्याचं आहे. तिथे विसावा आधी, खालापूरच्या फूड मॉलला घ्या, नाहीतर सरळ लोणावळ्याच्या एक्झिटपर्यंत जा. अडचणीत ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

गाडी न चालवता नुसतं बसून भीती वाटणाऱ्यांसाठी एक युक्ती. जाताना दरी डाव्या हाताला असेल, तर त्याच रस्त्याने येताना ती उजवीकडे असते. म्हणजे परतीला सीट बदलायची. आपण डावीकडून चालत असल्याने एका फेरीला तर डोंगर आपल्याला खेटूनच असतो.

कोणी धास्ती घालवायला झोपेची किंवा चिंतेची गोळी घेऊन चालवायचा सल्ला दिला तर साफ नाही म्हणा. आणि ही धडधड लिफ्टमध्ये, लोकलमध्ये, घरी बसल्याबसल्याही येत असेल, तर प्रश्न घाटाचा नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

परत आल्यावर महिनाभरात पुन्हा एखादा घाट करा. मध्ये वर्ष गेलं की पाटी कोरी होते. आमचं डिसेंबरमध्ये माळशेजचं ठरलंय, कल्याणहून मुरबाडमार्गे. सासूबाईंनी या वेळी पुढची सीट मागितली आहे. नकाशा धरायला चष्मा लागतो म्हणून नंबरही बदलून आणलाय.